सीओईपी मोठे की व्हीजेटीआय?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मला अभियांत्रिकीच्या प्रवेशाविषयी बोलण्यास सांगितले आहे. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे. म्हणून जे पालक आज दुकान, शेत किंवा रिक्षा सोडून येऊ शकले नाहीत, त्यांनीही हे आपल्याशीच बोलले आहे असे समजून वाचावे, ही विनंती.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की चारदोन पालक शाळेच्या ओसरीवर मला गाठतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, पुण्याचे सीओईपी मोठे की मुंबईचे व्हीजेटीआय?” दुसरा प्रश्न त्याहून हळू आवाजात येतो: “आपल्या पोरांना तिथे कोण घेतंय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तरी कोणाचे नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मनात धरल्यामुळे मात्र आपल्या मुलांचे नुकसान होते. म्हणून आज मी दोन्ही प्रश्नांना हात घालणार आहे.

प्रथम या दोन घरांची ओळख करून घेऊ. पुण्याची संस्था १८५४ साली सुरू झाली. सरकारी बांधकाम खात्याला शिकलेली माणसे हवी होती, म्हणून एक लहानसा वर्ग काढण्यात आला. त्याचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. भारतरत्न विश्वेश्वरय्या १८८३ साली येथूनच पदवी घेऊन बाहेर पडले. त्या काळी हे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते, कारण पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेच मुळी १९४९ साली. २०२२ साली राज्य शासनाने या महाविद्यालयाला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला. मुंबईची संस्था १८८७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या महोत्सवाचे तिला नाव होते आणि मुंबईच्या गिरण्यांना कसबी माणसे पुरविणे हे तिचे काम होते. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. ती स्वायत्त आहे, पण मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. दोन्ही संस्थांत मोठी माणसे घडली आणि दोन्हींचे विद्यार्थी आपलीच संस्था वरचढ म्हणून भांडतात. भांडोत बिचारे! आपल्याला विचार करायचा आहे तो दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाचा.

दाराशी किती गर्दी आहे हे कशावरून कळते? ‘कट-ऑफ’वरून. हा शब्द आता घरोघर पोचला आहे, पण त्याचा अर्थ पोचलेला नाही. कट-ऑफ म्हणजे कॉलेजने आखलेली रेघ, असे पुष्कळांना वाटते. प्राचार्यांनी ठरविले की ९९ च्या खाली कोणाला घ्यायचे नाही, आणि दार लावून घेतले! तसे काही नसते. कोणतेही कॉलेज असा आकडा आधी जाहीर करीत नाही. सगळ्या जागा गुणवत्तेनुसार भरत गेल्या आणि शेवटच्या जागेवर जो विद्यार्थी बसला, त्याचा आकडा म्हणजे कट-ऑफ. तो गेल्या वर्षीच्या शेवटच्या मुलाचा असतो. यंदाची रांग वेगळी असते.

आता हा आकडा कशाचा असतो ते पाहू. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे बहुतेक प्रवेश राज्याच्या सीईटी परीक्षेवर होतात आणि २०१९ पासून तिचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणी तरी पेढे घेऊन येतो, “सर, पोराला नव्वद टक्के पडले!” त्याला नव्वद टक्के गुण पडलेले नसतात. शंभर मुलांची रांग लावली तर त्याच्या पुढे दहा आहेत आणि नव्वद त्याच्या बरोबरीने किंवा मागे, एवढाच त्याचा अर्थ.

पण रांग शंभरांची नसते. २०२५ साली भौतिक, रसायन आणि गणित या गटाची सीईटी चार लाखांहून अधिक मुलांनी दिली. हिशोबाला सोपे जावे म्हणून चार लाखच धरू. मग ९० पर्सेंटाइलच्या मुलापुढे चाळीस हजार मुले उभी आहेत. ९९ च्या मुलापुढे चार हजार. ९९.९ च्या मुलापुढे चारशे. पुण्याच्या आणि मुंबईच्या या दोन संस्थांत कॉम्प्युटर शाखेच्या खुल्या जागा अलीकडच्या वर्षांत ९९ च्या बऱ्याच वर संपतात. म्हणजे एवढ्या मोठ्या राज्यातील काही शेकडा मुलांतच त्यांचा निकाल लागतो. ९९.९ आणि ९९.८ यांत आपल्याला एका दशांशाचाच फरक दिसतो, पण तेवढ्यात चारशे मुले उभी असतात. स्पर्धा अशी आहे. ती लपविण्यात अर्थ नाही.

हे ऐकून ज्यांचा धीर सुटला असेल त्यांनी आता दुसरा आकडा ऐकावा. त्याच २०२५ साली राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या आसपास होत्या. दरवर्षी यांतील कित्येक हजार जागा रिकाम्या राहतात. म्हणजे अभियांत्रिकीचे दार बंद नाही. गर्दी आहे ती काही घरांच्या काही खोल्यांपुढे. ‘खोल्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ज्या संस्थेत कॉम्प्युटरला ९९ च्या वर थांबावे लागते, त्याच संस्थेत स्थापत्य किंवा धातुशास्त्राची जागा त्याच्या बऱ्याच खाली मिळते. कित्येक खाजगी कॉलेजांतील कॉम्प्युटर शाखा या जुन्या सरकारी संस्थेतील स्थापत्य शाखेपेक्षा वर बंद होते. विश्वेश्वरय्या कोण होते? स्थापत्य अभियंता! त्यांची विद्या काही कमी प्रतीची झाली नाही, तिच्यापुढची रांग आखूड झाली आहे. रांग माणसांच्या आवडीने लांब होते आणि आवड काळाप्रमाणे फिरते.

तेव्हा एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. कट-ऑफ हा दारातल्या गर्दीचा आकडा आहे. आत शिकवणारा कसा शिकवतो, प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, मुलगा अभ्यास करील की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

आता मी माझी एक चूक सांगतो. शिक्षकाने आपली चूक चारचौघांत सांगू नये असे म्हणतात, पण ही सांगितल्यावाचून माझे भाषण पुरे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची एक मुलगी सीईटीत ९६ च्या वर गेली. वडिलांचा मंडईत फळांचा गाडा. घरात बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. ऑप्शन फॉर्म भरायला बापलेक माझ्याकडे आली. तिच्या मनात पुण्याचे एक नामांकित कॉलेज होते. मी मागील वर्षाची यादी उघडली, त्या कॉलेजापुढचा पहिला आकडा पाहिला आणि म्हणालो, “बेटा, हे काही आपल्याला मिळायचे नाही. उगाच वर कशाला लिहायचे? जवळचे जे मिळण्यासारखे आहे ते पहिले लिही, म्हणजे जागा पक्की.” वडील म्हणाले, “सर म्हणतात तेच बरोबर.” तिने मान हलविली. पहिल्याच फेरीत जवळचे कॉलेज मिळाले. पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली म्हणजे पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही, असा नियम आहे. जागा खरोखरच पक्की झाली!

पुढे फेऱ्यांच्या याद्या लागल्या. एका संध्याकाळी मी त्या चाळीत बसलो होतो. पुण्याच्या त्याच कॉलेजात, तिला हव्या असलेल्या शाखेत, बाहेरच्या विद्यापीठातील मुलींच्या रकान्यात शेवटचा प्रवेश ज्या मुलीला मिळाला होता, तिचे पर्सेंटाइल आमच्या मुलीपेक्षा कमी होते. मी पाहिला होता तो पहिला रकाना तिचा नव्हताच.

ती मुलगी हुशार होती. आहे त्या कॉलेजात चांगली शिकली, आज नोकरी करते, ईदला फोन करते. मला तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण दार बंद आहे असे तिला कॉलेजने सांगितले नव्हते. ते मी सांगितले होते. ‘आपल्या पोरांना कोण घेतंय?’ हे वाक्य मी तोंडाने बोललो नाही इतकेच, मनात तेच होते. त्या दिवसापासून मी ती यादी नीट वाचायला शिकलो. ती कशी वाचावी ते आता सांगतो.

यादीत प्रत्येक शाखेखाली इंग्रजी अक्षरांचे रकाने असतात. पालक त्यांना घाबरतात. घाबरण्यासारखे त्यांत काही नाही. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर ती सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींची. प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. मधली अक्षरे प्रवर्गाची: ‘ओपन’ म्हणजे खुला, ‘ओबीसी’ म्हणजे इतर मागासवर्ग, आणि याप्रमाणे इतर. शेवटचे अक्षर फार महत्त्वाचे. ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांची जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातील मुलांची, आणि ‘एस’ म्हणजे साऱ्या राज्याची मिळून एकच यादी. सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या नावापुढे हे ‘एस’ दिसते. तिथे कोल्हापूरचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा एकाच रांगेत उभे असतात. याखेरीज ‘ईडब्ल्यूएस’ म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ‘टीएफडब्ल्यूएस’ म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या नावाखाली ‘एमआय’ म्हणजे त्या समाजाच्या मुलांच्या जागा. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे रकाने कोणते, हे आधी ठरवा आणि मग आकडे पाहा. एकाच शाखेच्या दोन रकान्यांत चांगलेच अंतर असू शकते.

विद्यापीठाच्या क्षेत्राची गोष्ट जरा उलगडून सांगतो. संलग्न कॉलेजांत राज्यातील मुलांसाठी असलेल्या जागांपैकी ७० टक्के त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, असा नियम आहे. मुलाचे विद्यापीठ कोणते, हे सर्वसाधारणपणे त्याने बारावी कोणत्या ठिकाणाहून केली यावर ठरते. म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरचा मुलगा शिवाजी विद्यापीठाचा. पुण्यात तो बाहेरचा, पण आपल्या क्षेत्रात ७० टक्क्यांतला. अकरावीला मुलाला दुसऱ्या शहरात पाठविताना पालक क्लासचे नाव पाहतात, खानावळ पाहतात. त्याचे विद्यापीठ बदलते आहे हे कोणी पाहत नाही. बदलणे वाईटच असते असे नाही, पण ते माहीत असून करावे. परराज्यात पाठविणाऱ्यांनी तर नियमपुस्तिका दोनदा वाचावी.

आता पसंतीच्या क्रमाविषयी. माझी चूक इथेच झाली होती. नियम सरळ आहे: जे सर्वांत अधिक हवे ते सर्वांत वर लिहावे. वरचे मिळाले नाही तर यंत्र आपोआप खालचे पाहते. वर मोठे नाव लिहिले म्हणून खालची जागा हातची जात नाही. पण खालचे वर लिहिले तर वरचे कायमचे गेले. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घेणे बंधनकारक होते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. असे नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची पुस्तिका पाहावी. एवढे मात्र खरे की वरच्या सहा ओळी म्हणजे मुलाच्या चार वर्षांचा निर्णय आहे. तो सायबर कॅफेतल्या पोरावर सोपवू नका. घरी बसून, मुलाला किंवा मुलीला विचारून, कागदावर आधी लिहून काढा. आणि यादी लांब लिहा. चार नावे लिहून थांबणाऱ्याला शेवटी काहीच न मिळण्याचा धोका असतो.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेबद्दल तुम्हालाही दोन शब्द. सीईटीत दीडशे प्रश्न आणि दोनशे गुण असतात. भौतिक आणि रसायनाचा प्रश्न एका गुणाचा, गणिताचा दोन गुणांचा. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. सुमारे ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो. तुम्ही अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष मानता. ते वर्ष चाळीस गुणांचे आहे, हे ध्यानात ठेवा. रांगेच्या मध्यभागी गर्दी दाट असते, त्यामुळे तिथे पाचसात गुण वाढले तरी मुलगा कित्येक हजारांना ओलांडून पुढे जातो. “मी काही हुशार मुलांतला नाही” असे म्हणणाऱ्या मधल्या मुलालाच थोड्या मेहनतीचे फळ अधिक मिळते. बारावीचे गुणही सोडू नका. या प्रवेशाच्या गुणक्रमात ते धरीत नाहीत, पण तिन्ही विषय मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के असल्याशिवाय पात्रताच मिळत नाही.

आता पालकांसाठी सर्वांत जरुरीची गोष्ट. आपली मुले गुणांत मागे पडतात ती पडतात, पण त्याहून लाजिरवाणे म्हणजे कागदात मागे पडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव ‘मो.’, आधार कार्डावर ‘मोहम्मद’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘महंमद’. शेख कुठे नावाच्या आधी, कुठे शेवटी. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. आपल्या घरात हा सगळा एकच मुलगा असतो. कचेरीच्या टेबलावर ती तीन माणसे होतात. मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापा, आणि तेही प्रवेशाच्या आठवड्यात!

याहून बिकट प्रश्न जातीच्या नोंदीचा आहे. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात वडिलांनी लिहिले ‘मुस्लिम’. त्यांच्या वडिलांच्या वेळी गुरुजींनी लिहिले ‘मुसलमान’. धर्म दोनदा लिहिला गेला आणि जात राहून गेली. इतर मागासवर्गाचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तो कुठून आणायचा? आजोबांच्या शाळेचे रजिस्टर, जुना जन्ममृत्यूचा उतारा, जमिनीचे जुने कागद यांतून शोधावा लागतो. कधी तो उर्दूत असतो, कधी मोडीत. हे काम आठ दिवसांत होत नाही. जातीचा दाखला, त्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र, शिवाय चालू वर्षाचे नॉन-क्रिमिलेअर, असे तीन जिने चढावे लागतात. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की मूल आठवी-नववीत असतानाच त्याचा दाखला तपासा. शाळेत असेपर्यंत नोंदीची दुरुस्ती पुराव्यानिशी करता येते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. आमच्या शाळेत या कामासाठी मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर बसतो. या, संकोच करू नका.

ज्यांची जात कोणत्याच मागास यादीत नाही आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढावा. त्यासाठी १० टक्के जागा आहेत आणि त्या कोणत्याही धर्माच्या गरिबाला खुल्या आहेत. बाकीच्या अटी तहसील कचेरीत विचाराव्या. अल्पसंख्याक संस्थांत ५१ टक्के जागा त्या समाजाच्या मुलांसाठी असतात. आपल्या समाजाच्या काही जुन्या संस्थांनी, विशेषतः १८७४ सालच्या अंजुमन-इ-इस्लामने, अभियांत्रिकी महाविद्यालये काढली आहेत. ती नावेही यादीत असू द्यावीत. पण ‘आपले तिथेच बरे’ म्हणून तेवढीच नावे लिहू नयेत. ती आपल्या हक्काची आहेत, तशी राज्याची संस्थाही आपल्या हक्काची आहे.

पैशांची काळजी मला कळते. शिक्षण शुल्क माफीच्या योजनेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा असतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आणि त्या गुणवत्तेने भरतात. तिथली गर्दी मोठी, म्हणून कट-ऑफही वर असतो. मुलींसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. बापांनो, ‘मुलीवर एवढा खर्च कशाला?’ हे कारण आता निम्मे उरलेले नाही. राहण्याजेवणाचा खर्च आहे, परगावी पाठविण्याची धास्ती आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण धास्ती ही आपल्या मनातली गोष्ट आहे. तिचे ओझे मुलीच्या फॉर्मवर टाकू नका.

आणि ज्यांना यंदा काहीच मनासारखे मिळाले नाही, त्यांचे काय? एक दार मी नेहमी दाखवितो. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका करून गुणवत्तेवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मोठ्या नावाच्या संस्थांतही असे प्रवेश होतात. घरची परिस्थिती नाजूक असेल तर हा रस्ता उत्तम, कारण तीन वर्षांनी हातात पोटापाण्यापुरते कसब असते आणि पुढे शिकण्याची वाटही मोकळी राहते.

तर मग सीओईपी मोठे की व्हीजेटीआय? ओसरीवर मला विचारणाऱ्या पालकांना मी आता असे सांगतो: भाईसाहेब, दोन्ही मोठी आहेत, आणि फॉर्मवर दोन्ही लिहिता येतात. पहिल्या शेकड्यातल्या मुलाने कोणते आधी लिहावे, हे त्याने शाखा, शहर आणि खर्च पाहून ठरवावे. बाकी साऱ्यांनी आपल्या रकान्यातला आकडा पाहावा, एक पायरी वरचे धाडसाने लिहावे आणि त्याखाली एक एक पायरी उतरत जावे. वरच्या पायरीवरून नकार आला तर तो कॉलेजकडून येऊ द्या. घरातून देऊ नका आणि शाळेतूनही देऊ नका.

१९०६ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातले पोर शहरात शिकायला आले तर त्याला डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकर मिळावी, एवढाच त्यामागचा विचार होता. त्या पोरांना कोण घेतंय, असे तेव्हा कोणी म्हणत बसले असते तर आपण आज इथे जमलो नसतो. आपल्या संस्थेनेही या वर्षापासून मे-जून महिन्यांत फॉर्म भरण्यासाठी एक खोली, एक संगणक आणि दोन जाणते शिक्षक राखून ठेवावेत, अशी मी अध्यक्षसाहेबांना सर्वांसमक्ष विनंती करतो. त्या दोघांत माझे नाव घालावे. एका मुलीचे देणे माझ्यावर आहे, ते मला इतर मुलामुलींचे फॉर्म नीट भरून फेडायचे आहे.

अल्लाहतआला आपल्या मुलांच्या मेहनतीला यश देवो, एवढी दुआ करून मी माझे भाषण संपवितो. खुदा हाफिज.